भाऊंच्या डाव्या हाताला

सकाळी शटर वर केलं, कॉम्प्युटर चालू केला आणि रात्रीतून व्हॉट्सॲपवर येऊन पडलेले फोटो संघदीप एकामागून एक उघडत गेला. फोटोतला माणूस तो आधी पाहत नसे. आधी कडा पाहायचा. केस विस्कटलेले आहेत का, कान मोकळा आहे का, मागे झाड आहे की भिंत, खांद्यावर कुणाचा हात आलाय का. म्हणजे कापायला किती वेळ जाणार, ते. त्या दिवशीही एक फोटो उघडला आणि त्याच्या मनात आलं, हे किचकट काम आहे. जुना, फाटत गेलेला काळापांढरा फोटो, मागे माणसांची दाटी, केस कपाळावर, खांद्यावर दुसऱ्याचा पंजा, मूठ वर, तोंड उघडं. मग तो खुर्चीत जरा मागे रेलला आणि त्याला दिसलं, की हा आपला बाप आहे. मधे गेला असेल तो क्षणच. पण त्या क्षणात त्यानं वामनराव पाईकरावांना काम म्हणून पाहिलं होतं, वेळखाऊ काम म्हणून, आणि मनातल्या मनात वैतागलाही होता. त्याच्या हाताला एकदम गार वाटलं. बाहेर उमरखेडच्या बस स्टँडात नांदेडची गाडी लागल्याचं कुणीतरी ओरडत होतं. त्यानं उठून पंखा बंद केला. पंखा चालूच नव्हता.

फोटोखाली कपिलचा मजकूर होता. ‘दादा, कालकथित वामनभाऊंचा फोटो पाठवला आहे. बॅनरवर प्रफुल्लभाऊंच्या डाव्या हाताला घ्या. भाऊंपेक्षा थोडा लहान. तोंड मिटवता आलं तर पाहा.’ कपिल त्याच्याच गावाकडच्या वस्तीतला, विहाराच्या मागच्या गल्लीतला. लहान होता तेव्हा वामनराव विहारात पोरांना बाराखडी घोटवून घेत, त्या ओळीत तोही बसायचा. आता तो प्रफुल्लभाऊंचं मोबाईलवरचं सगळं पाहायचा. कुठे कोणता फोटो टाकायचा, कुणाच्या मयतीला काय लिहायचं, कुणाचा वाढदिवस विसरायचा. भाऊ जिल्हा परिषदेला उभे राहणार होते. निवडणूक जाहीर झाली नव्हती, पण भाऊंचं हसू गेल्या दिवाळीपासून रुंद होत चाललं होतं, आणि ते किती रुंद झालं हे तालुक्यात सगळ्यात आधी संघदीपला कळायचं. पुढाऱ्यांचे चेहरे त्याला आतून माहीत होते. कुणाच्या गळ्याखालची घडी गाळायची, कुणाचा रंग किती उजळायचा, कुणाचा मस सोडायचा कारण मायबाईंना तो ओळखीचा आहे. मागच्या वेळी मोठा असलेला चेहरा यावेळी खालच्या ओळीत बटणाएवढा करायला सांगितला, की त्याला कळायचं, हा गेला. पेपरात ते महिन्यानं यायचं. राजकारण इंचात चालायचं आणि त्याचा धंदा चौरस फुटात, आणि दोन्ही दुकानातल्या त्या एकाच फ्लेक्स मशीनमधून बाहेर पडायचं. या हुशारीचा त्याला पूर्वी अभिमान वाटायचा. चहाच्या टपरीवर तो सांगायचाही.

फोन वाजला तेव्हा तो अजून पडद्याकडेच पाहत होता.

“दादा, पाह्यलं का?”

“पाह्यलं. हा फोटो कुठून घेतला तुनं?”

“तुमच्याच फेसबुकवरून. स्मृतिदिनाले टाकला होता ना तुमी. भाऊंले लय आवडला. म्हणे, असा माणूस आता तालुक्यात राह्यला नाही.”

“कार्यक्रम कायचा हाय?”

“बोरगव्हाणले संवाद मेळावा हाय, सोलरचा. ग्रामसभेचा ठराव अन् भूमिपूजन दोन्ही उरकाचं हाय आचारसंहिता लागाच्या आत. अन् दादा, तोंड तेवढं मिटवा. ओरडून राह्यल्यासारखे दिसतात. आपला मेळावा हाय, मोर्चा थोडीच हाय.”

पलीकडे कपिल थांबला होता, अगदी अदबीनं. तो दमात घेत नव्हता. त्यानं गाळ्याचं नाव काढलं नाही. हा गाळा बाजार समितीचा आहे, समितीत भाऊंची माणसं आहेत, करार दरसाल नवा होतो, यातलं काहीही तो बोलला नाही. बोलला असता तर संघदीपला राग तरी आणता आला असता.

“साइज काय पाह्यजे?” संघदीपनं विचारलं.

पुढे कित्येक दिवस त्याला आठवत राहिलं ते एवढंच वाक्य. त्यानं हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. साइज विचारली होती. तोंडाला सवय असते. रिक्षावाला आपल्या ओळखीच्या माणसालाही आधी कुठे जायचं विचारतो, तसं. पण बाप रिक्षात बसला होता.

बोरगव्हाण, संघदीपचं गाव, पैनगंगेकडच्या अंगाला. गावाच्या वर मुरमाड माळ, ते गायरान. संघदीपच्या जन्माच्या आधी कधीतरी वस्तीतली काही घरं आणि शेजारच्या तांड्यावरची काही घरं मिळून त्या माळावर कसायला चढली होती. पुढे वामनराव आणि तांड्यावरचे हरिसिंग. भेटल्यावर वामनराव म्हणायचे जय सेवालाल आणि हरिसिंग म्हणायचे जय भीम. दोघांनी नमस्कार बदलून घेतले होते आणि शेवटपर्यंत कुणी आपला परत मागितला नाही. माळ म्हणजे दगड. संघदीपला त्या जमिनीची पहिली आठवण दगडांचीच आहे. ऊन चढायच्या आत आई टोपलं भरायची, बांधावर रिकामं करायची, परत भरायची. पावसाळ्यानंतर जमीन पुन्हा नवे दगड वर काढायची. तो रडायचा की हे संपत कसे नाहीत. वामनराव म्हणायचे, दगड संपत नसतात, आपुन ते फक्त बांधावर नेत असतो. ज्वारी आली, मग तूर आली. त्या काळी प्रफुल्लभाऊंचे वडील दाजीसाहेब पंचायत समितीचे सभापती. गायरान गुरांचं आहे असं त्यांचं म्हणणं. गुरं सगळ्यात जास्त त्यांचीच. कणसात दाणा भरत होता तेव्हा एका दुपारी त्यांच्या गड्यांनी सगळी गुरं उभ्या ज्वारीत घातली. पोलीस नंतर आले आणि त्यांनी वामनरावांनाच नेलं. मग तहसीलवर मोर्चा, तिथे लाठी, आणि लाठीच्या थोडा आधी काढलेला हा फोटो. नांदेडच्या कुठल्याशा पेपरच्या बातमीदारानं काढलेला. उघड्या तोंडात नेमका कोणता शब्द होता, याचा संघदीपला लहानपणी फार ध्यास होता. तो आरशासमोर तसं तोंड करून वेगवेगळ्या घोषणा देऊन पाहायचा. एकदा त्यानं बापालाच विचारलं. वामनराव म्हणाले, “‘पाणी द्या’ म्हणत असन. घसा सुकला होता लेका.”

जमीन कुणाच्याच नावावर झाली नाही. पण त्यानंतर तिथून कुणी काढलंही नाही. दरसाल पेरायचं, दरसाल कुणीतरी साहेब येऊन अतिक्रमण म्हणून जायचा, दरसाल वामनराव तहसीलला जाऊन यायचे. पुढे संघदीप भिंती रंगवायला लागला, मग बोर्ड, मग फ्लेक्सचं मशीन आल्यावर ब्रश धुऊन ठेवले आणि उमरखेडात राहायला आला. आईबापांनाही घेऊन आला. गायरानातला त्यांचा पट्टा हरिसिंगकाका आपल्यासोबत पेरायचे आणि तुरीच्या दिवसात डाळ पाठवायचे. वामनराव दुकानात कधीमधी येऊन बसत. टांगलेल्या बॅनरांकडे पाहत. एकदा म्हणाले, “एवढे लोकं नुसते हासूनच राह्यले रे. कोणाले काहीच दुखत नाही का?” संघदीप हसला होता. तेही हसले होते. नंतर त्यांना घशाचा कॅन्सर झाला आणि शेवटचे काही महिने त्यांना बोलताच येत नव्हतं. मयतीला प्रफुल्लभाऊ आले होते. खांदाही दिला. भाऊ दाजीसाहेबांसारखे नव्हते. आवाज चढवत नव्हते, जात विचारत नव्हते, म्हाताऱ्या बायांच्या पाया पडायचे. दाजीसाहेबांनी गुरं घातली होती. भाऊ त्याच माळावर सोलरचे पॅनल घालणार होते. कंपनी बाहेरची होती. सपाटीकरणाचं आणि तारेच्या कुंपणाचं काम भाऊंच्या साळ्याकडे होतं. हे कुणापासून लपलेलं नव्हतं. पंचायतीला भाडं मिळणार होतं आणि शेतकऱ्यांना दिवसा वीज. आणि यात खोटंही काही नव्हतं. दिवसा वीज ज्यांना मिळणार त्यांच्याकडे विहीर होती, विहिरीवर मोटार होती. गायरानावर कुणाचीच विहीर नव्हती.

हे सगळं त्याला त्या सकाळी माहीत होतं. नंतर कळलं असं नव्हे. माहीत होतं आणि त्यानं माउस हातात घेतला.

आधी मागची माणसं गेली. पदर खोचलेल्या बाया, एक झेंडा, एका पोलिसाची टोपी. कुणालाही पुसताना काही वाटलं नाही, कारण तो चेहरे पाहतच नव्हता. बापाच्या डोक्याच्या कडेनं चालत होता. खांद्यावरचा पंजा राहिला. हरिसिंगकाकांचा. मनगटातलं जाड कडंसुद्धा दिसत होतं. संघदीपनं शर्टाचा तुकडा उचलून त्यावर बसवला, पुन्हा बसवला, आणि पंजा गेला. खांदा मोकळा झाल्यावर बाप एकदम लहान दिसायला लागला, बाजारात चुकलेल्या माणसासारखा. मूठ वर होती ती खाली घ्यायची होती. हल्ली ते हातानं करावं लागत नाही. मोबाईलवरच्या ॲपमध्ये फोटो टाकायचा आणि सांगायचं, हात जोडलेले, तोंड मिटलेलं, मंद हसू. त्यानं सांगितलं. पहिल्या खेपेला जे आलं त्यात बापाला दुसऱ्याच कुणाचे तरी पांढरेशुभ्र दात होते. संघदीपनं ते लगेच पुसलं. दुसऱ्या खेपेला तोंड मिटलं. ओठ मिटले की माणसाचे डोळेही बदलतात, हे त्याला माहीत नव्हतं. आरडाओरडा करताना बारीक झालेले ते डोळे आता कौतुकानं बारीक झाले होते. हात जोडलेले होते. शर्टाला कॉलर आली होती. बाप सुखात दिसत होता. एखाद्या बँकेतून रिटायर झालेला, पेन्शन चालू असलेला, जावयावर खूश असलेला माणूस. आणि संघदीपला तो आवडला. ही गोष्ट त्यानं कुणाला कधी सांगितली नाही. त्याला वाटलं, असा बाप असता तर मी भिंतीवर चढून ऊन खात रंग दिले नसते. मी कॉलेजात गेलो असतो. आणि हा विचार पुरा होईतो त्यानं फाइल सेव्ह केली होती.

खालचा मजकूर कपिलचाच होता: ‘कालकथित वामनराव पाईकराव यांच्या स्वप्नातला विकास, आता प्रत्यक्षात.’ जेवायला घरी गेला तेव्हा त्यानं बायकोला, निकिताला, सांगितलं. ती भाकरी थापत होती. “तुमी नाही केलं तं समोरचा दुकानवाला करन,” ती म्हणाली. तो हेच स्वतःला सांगत आला होता, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते वाक्य फारच वापरलेलं वाटलं.

दुपारी मशीन लावलं. मशीनचं डोकं डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे घरघरत जात होतं आणि दर फेरीला बाप थोडा थोडा बाहेर येत होता. आधी केस, मग कपाळ. शाईचा उग्र वास दुकानभर पसरला. बाजूला भाऊ येत होते, मोठे. नेमक्या त्याच वेळी आई दुकानात आली. आठवडी बाजार करून कांताबाई नेहमी घरी जायच्या आधी तिथे टेकायची, पाणी प्यायची. तिनं पिशवी खाली ठेवली आणि मशीनकडे पाहत राहिली. नाक आलं, मिटलेले ओठ आले, जोडलेले हात आले. संघदीप तिच्याकडे पाहत होता. तिनं ओळखलं नाही तर काय सांगायचं, याची त्यानं मनात तयारी करून ठेवली होती.

“किती चांगले दिसून राह्यले,” आई म्हणाली.

त्यानं छापून आलेल्या कापडाची कड सरळ केली.

“असे शांत कधी बसले नाही रे हे. माह्या उभ्या जिंदगीत नाही पाह्यले.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “कायचा हाय?”

“कार्यक्रम हाय एक.”

“कोणाचा?”

“असाच. सत्काराचा.”

“एक लहान काढून दे मले. घरी लावतो.”

त्यानं काढून दिला. फ्रेमसुद्धा करून दिली. आईनं तो बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीखाली लावला, आणि त्या संध्याकाळी ती त्या फोटोकडे तोंड करून जेवली. संघदीप ताटावरून लवकर उठला. सत्काराचा, हा शब्द त्याला कुठून सुचला होता कुणास ठाऊक. खोटं बोलायची गरज नव्हती. आईनं अजून काही विचारलंच नसतं. पण आपण खोटं बोललो म्हणजे आपल्याला खरं माहीत होतं, एवढं त्या एका शब्दानं त्याच्या पदरात टाकलं.

मेळाव्याला तो गेला नाही. बॅनर टेम्पोत भरून दिली, दोरी दिली, कुठलं वेशीवर आणि कुठलं स्टेजवर ते सांगितलं. मेळाव्याच्या दिवशी तो दुकानात बसून एका बारशाच्या बॅनरवर ढग लावत होता. त्याच्या मनात एक गोष्ट पक्की होती आणि तिच्यावर तो निर्धास्त होता. हरिसिंगकाका तिथे आहेत. ते उठतील. काका उठले की तांडा उठेल, तांडा उठला की वस्ती उठेल. गायरान द्यायचा ठराव होणार नाही. फ्लेक्सनं काय होतं? फ्लेक्स कोण वाचतं? आपण कापड रंगवलं फक्त. म्हणजे आपलं काम आपण करायचं आणि भांडण हरिसिंगकाकांनी करायचं, अशी वाटणी त्यानं मनातल्या मनात करून टाकली होती. आणि अशी वाटणी करून आपण किती वर्षं जगतोय, हेही त्याच्या लक्षात आलं, ढग लावता लावता. दुपार कलायच्या आत कपिलचा फोन आला.

“झालं दादा. एकमतानं.”

“एकमतानं?”

“एक माणूस बोलला नाही. तुमच्या बॅनरनं काम केलं. भाऊ म्हणे, संघदीपले माह्याकडून नमस्कार सांगजा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं दुकान उघडलं नाही. मोटरसायकल काढली. थंडी होती, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापसाचे शेवटचे वेचे चालले होते. गावाच्या वेशीवर बॅनर अजून होतं. त्यानं मान वळवली नाही, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून बाप हात जोडून गेला. तांड्यावर हरिसिंग अंगणात उन्हाला बसले होते. थकले होते, कानांवरून मफलर बांधलेला, मनगटात तेच कडं, आता सैल झालेलं.

“ये रे संघदीप. जय भीम.”

आतून त्यांच्या बायकोनं, रामीबाईनं डोकावून पाहिलं. “बेस,” तिनं बसायला सांगितलं आणि चहाचं भांडं चुलीवर ठेवलं.

संघदीप बाजेच्या कडेवर बसला. “काका, ठराव एकमतानं झाला म्हणे.”

“झाला.”

“तुमी होते?”

“होतो ना. म्होरंच बसलो होतो.”

“मंग तुमीही हात वर केला?”

“केला.”

“काहून काका?”

हरिसिंगनी त्याच्याकडे पाहिलं. थट्टा करतोय की काय, असं पाहिलं. “काहून म्हणजे? तुनंच तं सांगतलं.”

“मी?”

“वामनचा फोटो लावला ना तुनं वेशीवर. दोन दिवस आधी लागला. आमी सारे पाह्याले गेलतो. मी म्हटलं लोकाईले, वामनच्या पोरानं बापाचा फोटो असाच नाही देल्ला. त्यानं काही बोलणं करून घेतलं असन. बदल्यात दुसरी जागा असन, नाही तं घरटी एक नोकरी असन. शिकलेला हाय, उमरखेडात ऱ्हायते, साऱ्या पुढाऱ्याईत उठबस हाय. प्रफुल्लनं भाषणात सांगतलं, वामनभाऊच्या घरच्याईचा पाठिंबा हाय. मंग काय? कोणी विचारलं, हरिसिंग काय करू? मी म्हटलं, वामन तिकडं हाय तं आपुन इकडं काय करू? केला हात वर.”

संघदीपच्या कानात मशीनची घरघर सुरू झाली. घरघर कानातच होती. अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या, बाकी सगळं शांत होतं. त्याला वाटलं, आत्ता गप्प बसलो तर हे असंच राहील. काका समजतील की बोलणं झालं होतं आणि पुढे फिसकटलं. पुढाऱ्यांचं काय, ते बदलतातच. सोपं होतं. आणि तो गप्प बसणारही होता, पण रामीबाईनं त्याच्यासमोर चहा ठेवला, कपाखाली बशी ठेवली, घरच्या माणसाला नव्हे, पाहुण्याला ठेवतात तशी.

“मले कोणी विचारलं नाही काका,” तो म्हणाला. “मीही कोणाले विचारलं नाही. मले ऑर्डर आली. मी छापून देल्लं.”

“ऑर्डर म्हणजे? दुकानाची?”

“हो.”

“म्हणजे बोलणं नाही झालं कोणाशी?”

“नाही.”

“जागेचं नाही? नोकरीचं?”

“कायचंच नाही.”

हरिसिंगनी मफलर कानांवरून खाली ओढला. मग “वामनची ऑर्डर” असं दोनदा म्हणाले, एखादा नवा शब्द तोंडात बसतो का पाहावं तसे. रामीबाई त्यांच्या बोलीत काहीतरी बोलली, लांबलचक, खालच्या आवाजात, संघदीपकडे न पाहता. त्याला ते समजलं नाही. हरिसिंगनी मराठीत करून सांगितलं नाही.

मग ते उठले, चपला घातल्या. “चाल,” म्हणाले.

दोघं माळावर गेले. तूर कंबरेच्या वर उभी होती, शेंगा भरलेल्या. मधूनच चुन्याच्या पांढऱ्या रेघा गेल्या होत्या, त्या रेघांना तूर आहे की काय आहे याचं काही नव्हतं. जिथे झाड आलं तिथे झाडावर चुना. खुंट्या ठोकल्या होत्या आणि त्यांना लाल चिंध्या बांधल्या होत्या. कुंपणाचे खांब बांधावर आणून टाकलेले, दगडांच्या ढिगावर. आईच्या दगडांच्या. हरिसिंग म्हणाले, कंपनीच्या माणसानं सांगितलंय, कुंपण पडायच्या आत जेवढं काढता येईल तेवढं काढून घ्या. चांगला माणूस आहे, म्हणाले. एकाला चौकीदार घेणार म्हणतो, तांड्यावरचाच. त्यांच्या आवाजात वर-खाली काही नव्हतं. संघदीप वाट पाहत होता. इथे, या माळावर, ते थांबतील आणि वळतील. ते थांबले. “हा पट्टा तुह्या मायचा,” म्हणाले आणि वाकून शेंगा तोडायला लागले. हिरव्या, जाड शेंगा. पिशवी त्यांनी घरूनच आणली होती. संघदीपही तोडायला लागला. त्याची बोटं शाईनं आणि माउसनं मऊ पडली होती. देठ तुटेना, तर फांदीच हातात यायची. पिशवी भरल्यावर हरिसिंगनी ती त्याच्या गाडीला अडकवली.

“मायले दे. तिचा वाटा हाय. यंदाच्याले भरल्या चांगल्या.”

“काका—”

“जाय. ऊन होईन मंग.”

येताना त्याला हलकं वाटत होतं. हे त्याला कळत होतं आणि ते हलकेपण त्याला नको होतं, पण ते जात नव्हतं. सांगितलं आपण. खरं ते सांगितलं. काका रागावले नाहीत. चहा पाजला, शेंगा दिल्या. माणूस मोठा आहे. वारा तोंडावर येत होता आणि त्याच्या नकळत गाडीचा वेग वाढला होता. वेशीवरचं बॅनर कुणीतरी काढत होतं, दुसऱ्या गावच्या मेळाव्यासाठी. भाऊंचा जिल्हा परिषदेचा गट बऱ्याच गावांचा होता. दुकानात आल्यावर त्यानं बारशाचं बॅनर पुरं केलं. गिऱ्हाईक येऊन घेऊन गेलं. कपिलचा नवा मजकूर आला होता, त्यानं वाचला नाही, पण पुसलाही नाही.

संध्याकाळी घरी पिशवी आईपुढे ठेवली. आईला सगळं कळलं होतं. गावाकडच्या वस्तीतल्या बाया दुपारी येऊन गेल्या होत्या. तिनं काही विचारलं नव्हतं. ती उंबऱ्याशी बसली, पिशवी उलटी केली, एक शेंग घेऊन अंगठ्यानं उकलली आणि दाणे पाहिले.

“कोणत्या पट्ट्यातल्या?”

“आपल्या. हरिसिंगकाकानं तोडून देल्ल्या.”

“तू सांगतलं त्याले?”

“सांगतलं.”

“अन् तो?”

“काही नाही. रागावले नाही. च्या पाजला. मंग वावरात नेलं, शेंगा देल्ल्या.”

आईनं दाणे ताटलीत टाकले. दुसरी शेंग घेतली, पण उकलली नाही, हातातच धरली.

“रागावाले पाह्यजे होता,” ती म्हणाली.